जर्मन सैनिक खरंच तसं म्हणायचे का? शत्रूने दिलेलं टोपणनाव तपासण्याची पद्धत

महायुद्धांबद्दल वाचायला लागलं की एक वाक्य हमखास भेटतं: अमुक तुकडी इतकी कडवी, की जर्मनच तिला तमुक म्हणायला लागले. अमेरिकन मरीन म्हणजे ‘सैतानी कुत्रे’, स्कॉटिश हायलँडर म्हणजे ‘नरकातल्या बायका’, अमेरिकेचं पी-38 लढाऊ विमान म्हणजे ‘दुशेपट्या सैतान’, रात्री बॉम्ब टाकणाऱ्या सोव्हिएत महिला वैमानिक म्हणजे ‘रात्रीच्या चेटकिणी’. नाव जर्मनांचं म्हणून सांगितलं जातं, पण ते सांगत येतो तो बहुधा ज्याची स्तुती झाली तोच. तपासाला सुरुवात करायला एवढी शंका पुरे.

खालची पद्धत नव्याने या वाटेला लागलेल्यांसाठी आहे. मुख्य उदाहरण मरीनांच्या ‘टॉयफेल हुंडेन’चं (Teufel Hunden, म्हणजे ते ‘सैतानी कुत्रे’) घेतलं आहे, कारण तपासाच्या जवळजवळ सगळ्या वाटा आणि सगळे खड्डे त्यात सापडतात. जर्मन येत नसेल तरी पहिले तीन टप्पे सहज जमतात. पुढे यांत्रिक भाषांतराची मदत घेता येईल, मात्र मजकूर समजून घेण्यापुरतीच. एखादा शब्द जर्मन माणसाच्या तोंडी शोभतो की नाही, हे यंत्राला विचारू नका. तुम्ही टाकाल तो शब्द ते बिनतक्रार उलटा करून देतं.

पहिला टप्पा: दावा नीट मांडून घ्या

‘जर्मन त्यांना सैतानी कुत्रे म्हणत’ हे वाक्य जसंच्या तसं तपासताच येत नाही. आधी कागदावर पाच गोष्टी वेगळ्या करा: कोण म्हणालं (खंदकातला शिपाई, अधिकारी, वर्तमानपत्र की रेडिओ), कोणाला म्हणालं, कुठे, कधी, आणि नेमक्या कुठल्या जर्मन शब्दात. मरीनांच्या बाबतीत प्रचलित कथा अशी: जून 1918, उत्तर फ्रान्समधलं बेलो वुड, चौथी मरीन ब्रिगेड, आणि हल्ल्याने हबकलेल्या जर्मन सैनिकांच्या तोंडून निघालेलं ‘टॉयफेल हुंडेन’.

पाचांपैकी एक जरी गोष्ट दाव्यात सापडत नसेल तर तशी नोंद करा. ‘एका मेलेल्या जर्मन अधिकाऱ्याच्या डायरीत’ असं असेल, तर अधिकाऱ्याचं नाव, त्याची पलटण, डायरी आज कुठल्या संस्थेत आहे आणि तिचा क्रमांक काय, हे चार प्रश्न लगेच लिहून ठेवा. इटलीतल्या अँझिओच्या आघाडीवर 1944 मध्ये लढलेल्या दोन वेगवेगळ्या तुकड्या अशीच डायरी सांगतात. अमेरिकेची 504 वी पॅराशूट रेजिमेंट ‘ढगळ विजारीतले सैतान’ झाली, आणि अमेरिकन-कॅनेडियन फर्स्ट स्पेशल सर्व्हिस फोर्स ‘काळे सैतान’ झाली. आघाडी एक, काळ एक, दोन्हीकडे सैतान, दोन्हीकडे जर्मनाची डायरी. म्हणून दोन्ही खोटं ठरत नाही. पण अशा साच्यातली गोष्ट समोर आली की मूळ कागदाची मागणी दुप्पट जोराने करायची.

दुसरा टप्पा: शब्द जर्मन आहे का, ते पाहा

जर्मन भाषेत ‘हुंड’ म्हणजे कुत्रा, अनेकवचन ‘हुंडे’. शेवटी ‘न’ लागून ‘हुंडेन’ होतं ते फक्त चतुर्थीच्या अनेकवचनात, म्हणजे ‘कुत्र्यांना’, ‘कुत्र्यांपासून’ अशा जागी. शिवाय जर्मनमध्ये असे दोन शब्द सुटे ठेवत नाहीत, जोडून एकच लिहितात, आणि ‘टॉयफेल’नंतर सहसा एक ‘स’ येतो: टॉयफेल्सकेर्ल, टॉयफेल्सवाइब. तेव्हा अपेक्षित रूप ‘टॉयफेल्सहुंडे’. त्यातही नरकाच्या दाराशी बसलेल्या कुत्र्यासाठी जर्मनला ‘होलेनहुंड’ हा जुना, तयार शब्द आहे. शिव्या घालणाऱ्या शिपायाच्या तोंडी तोच आधी येण्याची शक्यता जास्त.

‘काळे सैतान’वाल्या कथेत जर्मन वाक्य म्हणून ‘डी श्वार्त्से टॉयफेल्न’ असं फिरतं. तिथेही तीच चूक आहे. ‘टॉयफेल’चं अनेकवचन ‘टॉयफेल’च, ‘न’ पुन्हा चतुर्थीतला, आणि विशेषण ‘श्वार्त्सेन’ हवं होतं. शेवटी ‘एन’ अक्षर जोडलं की शब्द जर्मन वाटतो, असा समज असलेल्या इंग्रजी लेखणीची ही खूण आहे.

इथे नवखा माणूस घाई करतो आणि ‘व्याकरण चुकलं, म्हणजे नाव खोटं’ असा निकाल देऊन मोकळा होतो. व्याकरणाची चूक एवढंच सांगते की हे स्पेलिंग लिहिणारा जर्मन नव्हता. एखाद्या अमेरिकन वार्ताहराने कैद्याच्या तोंडून चतुर्थीतला शब्द ऐकला आणि कानाला लागला तसा लिहिला, हेही शक्य आहे. उलट शुद्ध जर्मन दिसलं म्हणूनही हुरळू नका. ‘गाबेलश्वान्त्स-टॉयफेल’, म्हणजे पी-38 चा दुशेपट्या सैतान, हा व्याकरणाने बिनचूक आहे, पण शब्दकोश हाताशी असलेल्या कोणालाही तो बसल्या बसल्या जुळवता येईल.

तिसरा टप्पा: सर्वांत जुना छापील उल्लेख शोधा

सगळ्यात जास्त फळ देणारा टप्पा हाच, तेव्हा वेळ इथे घाला. अमेरिकन वर्तमानपत्रांसाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसचं ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’, ऑस्ट्रेलियासाठी ‘ट्रोव्ह’, न्यूझीलंडसाठी ‘पेपर्स पास्ट’. तिन्ही फुकट आहेत आणि तिन्हींत तारखेची मर्यादा घालून संपूर्ण मजकुरात शोधता येतं.

शोधाचा क्रम असा ठेवा. आधी परकीय रूप अवतरणचिन्हांत टाका. मग इंग्रजी भाषांतर, म्हणजे ‘डेव्हिल डॉग्ज’. मग दोन शब्द एकमेकांपासून पाच-दहा शब्दांच्या अंतरात, कारण जुन्या अरुंद रकान्यांत शब्द ओळीच्या शेवटी तुटतो आणि ‘हुन-’ एका ओळीत, ‘डेन’ दुसऱ्या ओळीत जातो. शेवटी चुकीची स्पेलिंग: ‘ई-यू’च्या जागी ‘यू-ई’, एक ‘एफ’च्या जागी दोन. तारखेची मर्यादा घटनेच्या दोन वर्षं आधीपासून लावा. घटनेच्या दिवसापासून लावली, तर कथा मोडणारा पुरावा तुमच्या नजरेलाच पडणार नाही.

मरीनांच्या बाबतीत नेमका तोच पुरावा आहे. बेलो वुडमध्ये मरीनांचा मोठा हल्ला सुरू झाला 6 जून 1918 ला आणि जंगल पूर्ण ताब्यात आलं 26 जूनला. पण ‘जर्मन मरीनांना टॉयफेल हुंडेन म्हणतात’ ही बातमी अमेरिकेतल्या अनेक वर्तमानपत्रांत एप्रिल 1918 च्या मध्यालाच छापून आलेली सापडते. म्हणजे ज्या लढाईत नाव पडलं असं सांगतात, तिच्या सात-आठ आठवडे आधी नाव छापलेलं होतं.

यावरून काय सिद्ध झालं? बेलो वुडची कथा पडली, इतकंच. मार्च 1918 पासून मरीन व्हर्दंजवळच्या खंदकांत होते, तिथे त्यांची जर्मनांशी गाठ पडतच होती. त्यामुळे नाव त्या काळातलं असण्याची वाट अजून उघडी राहते. ‘कथा चुकीची’ आणि ‘नाव खोटं’ हे दोन निकाल वेगळे आहेत.

छापील उल्लेख मोजताना एक धोका. तीच बातमी पन्नास वर्तमानपत्रांत दिसली तरी साक्षीदार पन्नास होत नाहीत. वृत्तसंस्थेने किंवा प्रसिद्धी खात्याने पाठवलेला मजकूर गावोगावच्या संपादकांनी जसाच्या तसा लावलेला असतो. दोन-तीन कात्रणं शेजारी ठेवून वाक्यं ताडा. शब्दशः जुळली तर साक्षीदार एकच. मरीन कोअरचा न्यूयॉर्कमध्ये स्वतःचा प्रसिद्धी विभाग होता आणि वर्तमानपत्रांना तयार मजकूर पुरवणं हे त्याचं कामच होतं. त्याच 1918 मध्ये चार्ल्स फॉल्सने काढलेलं भरतीचं भित्तिचित्र आलं: शिरस्त्राण घातलेला बुलडॉग, टोकदार जर्मन टोपी घातलेल्या डॅक्सहुंडच्या मागे लागलेला, वर मोठ्या अक्षरांत ‘टॉयफेल हुंडेन’ आणि खाली ते जर्मनांनी दिलेलं नाव असल्याची ग्वाही. नाव पसरलं कसं, याचा हा उत्तम पुरावा आहे. ते जन्मलं कुठे, याचा नाही.

गूगल बुक्स वापरताना वर्षावर विश्वास ठेवू नका. नियतकालिकांच्या बांधीव खंडांना बऱ्याचदा पहिल्या अंकाचं वर्ष लागलेलं असतं, त्यामुळे 1940 चा मजकूर 1912 चा म्हणून समोर येतो. पानाचं चित्र उघडून त्याच पानावर दुसरी एखादी तारीख दिसते का ते बघा. नुसता तुकडा दिसत असेल आणि पान उघडत नसेल, तर तो उल्लेख ‘तारीख कच्ची’ म्हणून बाजूला ठेवा.

चौथा टप्पा: जर्मन बाजूचं छापील साहित्य

इथे दोन ठिकाणं महत्त्वाची: ऑस्ट्रियन राष्ट्रीय ग्रंथालयाचं ‘आनो’ आणि जर्मन डिजिटल ग्रंथालयाचं ‘डॉइचेस त्साइटुंग्सपोर्टाल’. शब्दांच्या वापरासाठी ‘डी-डब्ल्यू-डी-एस’ हा ऑनलाइन कोश त्याच्या मजकूरसंग्रहांसह उपयोगी पडतो.

मुख्य अडचण लिपीची. पहिल्या महायुद्धातली जर्मन वर्तमानपत्रं बहुतेक फ्राक्टुर या जुन्या, टोकदार छापील वळणात आहेत, आणि त्यातला लांब ‘एस’ पानावरची अक्षरं ओळखणाऱ्या यंत्राला ‘एफ’ दिसतो. ‘गाबेलश्वान्त्स’मधला ‘एस’ मग ‘एफ’ होऊन बसतो आणि तुमचा शोध रिकामा परततो. मोठ्या अक्षरांत ‘बी’ आणि ‘व्ही’, ‘एन’ आणि ‘आर’, ‘एस’ आणि ‘जी’ यांची अदलाबदल होते. म्हणून प्रत्येक शब्द किमान दोन रूपांत शोधा: शुद्ध स्पेलिंगने, आणि शब्दाच्या आतल्या लांब ‘एस’च्या जागी ‘एफ’ घालून. संयुक्त शब्दाचा भाग संपतो तिथे मात्र गोल ‘एस’ येतो, त्यामुळे ‘टॉयफेल्सहुंडे’ला हा त्रास कमी. जानेवारी 1941 मध्ये नाझी राजवटीनेच फ्राक्टुर सोडायचा हुकूम काढला, त्यामुळे त्यानंतरच्या मजकुरात शोध हळूहळू सोपा होत जातो.

काही सापडलंच तर लगेच नाचू नका. आजूबाजूची चार वाक्यं वाचा. शत्रूच्या वर्तमानपत्रात काय छापलं आहे ते सांगून त्याची टर उडवणं हा युद्धकाळातल्या जर्मन पत्रांचा आवडता उद्योग होता. अमेरिकन आपल्या सैनिकांना असं म्हणवून घेतात, अशा अर्थाची ओळ असेल तर नाव परत जर्मनीत गेलंय, तिथून आलेलं नाही. दुसरा गोंधळ शब्दांच्या इतर अर्थांचा. ‘गाबेलश्वान्त्स’ हे जर्मनमध्ये एका पतंगाचं नाव आहे, त्यामुळे कीटकशास्त्राचे ढीगभर लेख येतील. त्यांत विमान शोधण्यात दिवस जाऊ शकतो. शोधात ‘लाइटनिंग’ (पी-38 चं अधिकृत नाव) किंवा लढाऊ विमानासाठीचा जर्मन शब्द जोडून घ्या.

आता सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी वापरली जाणारी युक्ती. ‘सापडलं नाही’ असं लिहिण्यापूर्वी त्याच संग्रहात, त्याच तारखांत असं एखादं टोपणनाव शोधा, जे जर्मन सैनिक नक्की वापरत होते. पहिल्या महायुद्धासाठी ‘गुलाशकानोने’, म्हणजे फिरत्या भटारखान्याला दिलेलं ‘गुलाशची तोफ’ हे नाव. दुसऱ्यासाठी ‘स्टालिनऑर्गेल’, म्हणजे सोव्हिएत कात्युशा रॉकेटं. ही नावं भरपूर सापडली आणि तुमचं नाव एकदाही नाही, तर त्या शून्याला वजन आहे. तीही सापडली नाहीत, तर संग्रहात शिपाईगिरीची भाषाच उतरलेली नाही, आणि तुमच्या शून्याची किंमतही शून्य.

शब्दकोशांकडे जाताना त्यांचं प्रकाशनवर्ष आधी बघा. जर्मन सैनिकांच्या बोलीचे संग्रह चांगले आहेत: पाउल हॉर्नचा 1899 चा, कार्ल बेर्गमानचा 1916 चा, ओटो माउसरचा 1917 चा. पण अमेरिका युद्धात उतरली एप्रिल 1917 मध्ये आणि मरीन खऱ्या अर्थाने लढले 1918 मध्ये. या तिन्ही संग्रहांत मरीनांचं नाव नाही, याचा अर्थ काहीच नाही. नंतरच्या काळासाठी हाइन्त्स क्युपरचा बोलीभाषेचा कोश बघावा.

या चुकीचं नामांकित उदाहरणही आहे. अमेरिकन पत्रकार एच. एल. मेंकेन यांनी 1921 मध्ये अमेरिकन इंग्रजीवरच्या आपल्या ग्रंथात ठणकावून लिहिलं, की हे नाव एका अमेरिकन वार्ताहराने रचलं आणि जर्मनांनी ते कधीच वापरलं नाही. दाखला दिला बेर्गमानच्या 1916 च्या पुस्तकाचा. 1916 चं पुस्तक 1918 मधल्या मरीनांबद्दल साक्ष देणार कसं? त्याच टिपेत जर्मनांनी शत्रूंना हिणवणारी टोपणनावं ठेवलीच नव्हती असंही ते म्हणतात, पण फ्रेंचांना ‘फ्रान्त्समान’ म्हणणं जर्मन शिपायांत चांगलंच रुळलेलं होतं. मेंकेन यांचा निष्कर्ष बरोबर असू शकतो, आधार मात्र लंगडा आहे. खोडून काढणाऱ्याचा दाखलाही दावा करणाऱ्याच्या दाखल्याइतकाच तपासावा, आणि इथे बहुतेक जण सुटतात, कारण खोडून काढणारा माणूस हुशार वाटतो.

पाचवा टप्पा: लष्करी कागद, आणि जे जळाले ते

जर्मन लष्कराचे कागद बुंडेसआर्खिफ या जर्मनीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या फ्रायबुर्गमधल्या लष्करी विभागात आहेत. ‘इन्व्हेनिओ’ या त्यांच्या सूचीत घरबसल्या शोधता येतं. फाइलींच्या क्रमांकाआधी ‘आर-एच’ असेल तर भूदल, ‘आर-एल’ हवाईदल, ‘आर-एम’ नौदल. दुसऱ्या महायुद्धात पकडलेल्या कागदांच्या सूक्ष्मफिती (मायक्रोफिल्म) अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत: ‘टी-312’ मध्ये आर्मी पातळीचे, ‘टी-314’ मध्ये कोअरचे, ‘टी-315’ मध्ये डिव्हिजनचे.

पण कपाटात काय उरलं आहे हे आधी माहीत हवं. प्रशियन सैन्याचे पहिल्या महायुद्धातले कागद पॉट्सडॅमला होते आणि एप्रिल 1945 च्या हवाई हल्ल्यात त्यांतले बहुतांश जळाले. बव्हेरिया, सॅक्सनी, व्युर्टेंबर्ग आणि बाडेन या राज्यांच्या तुकड्यांचे कागद अनुक्रमे म्युनिक, ड्रेस्डेन, स्टुटगार्ट आणि कार्ल्सरूहला वाचले. म्हणून पहिलं काम: समोर कुठली जर्मन डिव्हिजन होती ते शोधा आणि ती कुठल्या राज्याची ते पाहा. बेलो वुडला मरीनांसमोर आलेल्यांत 28 वी डिव्हिजन होती, ती बाडेनची, म्हणजे वाट कार्ल्सरूहला जाते. हवाईदलाचे बहुतांश कागद दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी जर्मनांनी स्वतःच जाळले. पी-38 च्या नावाबद्दल कागद सापडत नाही असं म्हणताना हे वाक्य शेजारी लिहायलाच हवं.

कागद मिळाले तर त्यांच्या सुराकडे लक्ष द्या. जून 1918 च्या जर्मन गुप्तवार्ता अहवालात कैद्यांच्या जबान्यांवरून अमेरिकेच्या दुसऱ्या डिव्हिजनला, म्हणजे मरीन ज्यात होते तिलाच, फार चांगली, कदाचित हल्ल्याच्या खास तुकड्यांच्या तोडीची म्हटलं आहे. स्तुती आहे, पण कारकुनी भाषेत. जर्मन अधिकाऱ्यांनी मरीनांची तारीफ केली आणि त्यांना कुत्रे म्हटलं, ही दोन वेगळी विधानं आहेत. कथेत ती हळूच एक होतात.

सहावा टप्पा: बोललेली भाषा

शिपायांचं टोपणनाव हुकूमनाम्यात क्वचित येतं, ते गप्पांत येतं. दुसऱ्या महायुद्धापुरती या गप्पांची एक अफाट खाण आहे. ब्रिटिशांनी ट्रेंट पार्कसारख्या ठिकाणी जर्मन कैद्यांच्या खोल्यांत लपवलेल्या मायक्रोफोनांवरून त्यांची बोलणी टिपली. त्यांचे टंकलिखित उतारे लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘डब्ल्यू-ओ 208’ या मालिकेत आहेत. या कागदांचं मोल इतिहासकार झ्योन्के नाइट्सेल यांनी 2001 नंतर लोकांपुढे आणलं. उतारा वाचताना इंग्रजी भाषांतरावर थांबू नका, मूळ जर्मन दिलेलं असेल तर शब्द तिथलाच घ्या. पी-38 बद्दल बोलणारा वैमानिक त्याला काय म्हणतो, हे कळायला याहून जवळची जागा नाही.

घरी धाडलेल्या पत्रांसाठी बर्लिनच्या संपर्क संग्रहालयाचा फेल्डपोस्ट संग्रह आहे, रोजनिशांसाठी एमेंडिंगेनचं टागेबुखआर्खिफ. रेडिओचा दावा असेल, तर बीबीसीच्या श्रवणविभागाने युद्धभर शत्रूच्या प्रसारणांचे उतारे करून ठेवले आहेत, ते इंपीरियल वॉर म्युझियमकडे आहेत. लिबियातल्या तोब्रुकच्या 1941 च्या वेढ्यात अडकलेल्यांना ‘उंदीर’ म्हणाल्याचं श्रेय जर्मन रेडिओवरून इंग्रजीत प्रचार करणाऱ्या विल्यम जॉइसला दिलं जातं. त्या वेढ्यात आपली 18 वी कॅव्हलरीही होती. अशा दाव्याला तारीख आणि प्रसारणाचा उतारा मागता येतो. आणि मिळाला तरी तो प्रचारखात्याचा शब्द ठरेल, समोरच्या खंदकातल्या शिपायाचा नाही.

सातवा टप्पा: खऱ्या नावांशी ताडा

जर्मन शिपायाची नक्की माहीत असलेली टोपणनावं एकत्र वाचली की त्यांचा वास ओळखता येतो. 1941-42 च्या रशियन हिवाळ्यासाठी मिळालेल्या पदकाला त्यांनी नाव दिलं ‘गेफ्रीरफ्लाइशऑर्डेन’, गोठवलेल्या मांसाचं पदक. रशियन रणगाड्यांवर टपटप आपटून परतणाऱ्या आपल्याच 37 मिलिमीटर तोफेला म्हणत लष्कराचं ‘दार ठोठावण्याचं यंत्र’, तेही सरकारी सामानयादीत शोभेल अशा गंभीर शब्दांत. गळ्यात साखळीचा बिल्ला घालणाऱ्या लष्करी पोलिसांना ‘केटेनहुंड’, साखळीचे कुत्रे. सोनेरी फीत मिरवणाऱ्या पक्षाच्या पुढाऱ्यांना ‘गोल्डफाझान’, सोनेरी फेझंट पक्षी. रशियन 76 मिलिमीटर तोफेला ‘राच-बुम’, कारण गोळा फुटल्याचा आवाज आधी आणि तोफेचा बार नंतर ऐकू येई.

या यादीत थट्टा आहे, आवाजांची नक्कल आहे, आणि वरिष्ठांवरचा राग आहे. शत्रूचं कौतुक जवळजवळ नाही. कुत्रा आहे, पण तो त्यांच्याच पोलिसांच्या गळ्यात. या कसोटीवर ‘रात्रीच्या चेटकिणी’ लावून बघा. सोव्हिएत 588 व्या रात्रबॉम्बर रेजिमेंटची पो-2 ही कापडी-लाकडी विमानं जर्मन शिपायाला अंधारात दिसत नव्हती, ऐकू येत होती, आणि त्या विमानाला जर्मनांनी दिलेलं ‘नेमाशीने’, शिवणयंत्र, हे नाव भक्कम आहे. आत बाई बसली आहे की बुवा, हे खालून कळायला मार्ग नव्हता. चेटकिणींचं नाव तपासताना म्हणून सोव्हिएत आठवणींच्या आधीचा, जर्मन हातचा कागद मागा. हा वास पुरावा नव्हे. तो फक्त सांगतो की कुठल्या दाव्यावर जास्त मेहनत घ्यायची.

उलटा प्रकारही असतो. ‘काळे सैतान’ म्हणवणारी तुकडी मेलेल्या जर्मनांच्या अंगावर आपलं चिन्ह छापलेली चिठ्ठी चिकटवून जाई, आणि चिठ्ठीवर अस्सल जर्मन वाक्य असे, ‘खरा तडाखा अजून यायचाय’ अशा अर्थाचं. भाषा जर्मन, कागद युद्धकाळातला, हात अमेरिकन-कॅनेडियन. कागद अस्सल निघाला तरी तो लिहिला कोणी, हा प्रश्न सोडू नका.

निकाल कसा लिहायचा

खरं-खोटं असे दोनच कप्पे ठेवले तर काम फसतं. चार ठेवा. एक, जर्मन सैनिकांच्या त्याच काळातल्या लिखाणात वा बोलण्यात सापडलं. दोन, जर्मन छापील वा प्रचारी मजकुरात सापडलं, सैनिकांकडे नाही. तीन, फक्त विरुद्ध बाजूच्या त्याच काळातल्या मजकुरात, जर्मनांच्या नावावर. चार, फक्त युद्धानंतरच्या लिखाणात. प्रत्येक निकालाखाली कुठे शोधलं, कुठल्या स्पेलिंगने, कुठल्या तारखांत, आणि ताडून पाहायला घेतलेलं खरं टोपणनाव किती वेळा सापडलं, ते लिहा. पुढच्या माणसाला तुमचा शोध पुन्हा करता आला पाहिजे.

मरीनांचा निकाल असा लिहिता येईल: ‘कप्पा तीन. अमेरिकन वर्तमानपत्रांत एप्रिल 1918 पासून, जर्मनांच्या नावावर. बेलो वुडमध्ये नाव पडल्याची कथा तारखेमुळे टिकत नाही. छापलेलं जर्मन रूप बिगरजर्मन हाताचं. प्रशियन लष्करी कागद जळाल्यामुळे जर्मन बाजूच्या शांततेवरून पूर्ण नकार देता येत नाही.’ चार ओळी, आणि त्यांत ‘कधीच नाही’ हे शब्द नाहीत. मेंकेन यांच्याहून हा निकाल मिळमिळीत वाटेल, पण उद्या कार्ल्सरूहच्या एखाद्या पत्रात शब्द निघाला तरी तो खोटा पडणार नाही.

मराठी वाचकाला असे दावे बहुधा भेटतील ते मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या इटलीतल्या लढायांबद्दल, कारण तिथे समोर खरोखर जर्मन होते. नाईक यशवंत घाडगे (10 जुलै 1944, टायबरचं वरचं खोरं) आणि शिपाई नामदेव जाधव (9 एप्रिल 1945, सेनिओ नदी) यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचं शौर्य मानपत्रांत तपशीलवार नोंदलेलं आहे, त्याला जर्मन टोपणनावाच्या टेकूची गरज नाही. तरीही ‘जर्मन मराठ्यांना अमुक म्हणत’ असा संदेश आलाच, तर सुरुवात मानपत्रापासून करू नका, तो ब्रिटिश बाजूचा कागद आहे. घाडगे यांची तिसरी बटालियन 10 व्या भारतीय डिव्हिजनमध्ये होती, जाधव यांची पहिली बटालियन 8 व्या. त्या तारखेला त्या डिव्हिजनसमोर कुठली जर्मन डिव्हिजन होती ते आधी काढा, मग ‘टी-315’ च्या सूचीत तिच्या फिती कुठल्या महिन्यापर्यंत आहेत ते बघा. युद्धाच्या शेवटच्या महिन्यांचे जर्मन कागद अनेकदा तुटक असतात, त्यामुळे एप्रिल 1945 च्या दाव्यासाठी फितींपेक्षा कैद्यांच्या उलटतपासणीचे अहवाल आधी मागवा.